दुखणं गुडघ्यात, औषध पोटात

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे समुद्राच्या कडेने निघालं की आरे आणि वारे या गावांच्या दरम्यान रस्ता डोंगराच्या अंगाने वर चढतो. पर्यटक इथे हमखास गाडी थांबवतो, खालच्या पुळणीचे आणि सुरूच्या बनाचे फोटो काढतो आणि पुढे निघतो. डोंगराकडे त्याची पाठच असते. कोकणातल्या अशा कातळउतारांवर, करवंदीच्या जाळ्यांमध्ये, उन्हाळ्याच्या अखेरीस पांढऱ्या फुलांनी डवरणारं एक ठेंगणं झाड असतं. तो कुडा. त्याच्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी होते, बियांना इंद्रजव म्हणतात आणि हगवण लागली की त्याचं पाळ, म्हणजे मूळ, सहाणेवर उगाळून ताकातून देतात.

कुडा सुटलेलं पोट बांधतो. बांधलेलं पोट सोडायला दुसरं झाड, तेही फुकटचं: परसात, उकिरड्याच्या कडेला, कोणी न लावता उगवणारा एरंड. जुन्या कोकणी घरातलं पोटाचं औषध या दोन झाडांवर निभावून जाई. आता यातली गंमत अशी, की एरंडेल नुसतं पोटासाठी नव्हतं. गुडघे धरले, घोटे सुजले, सकाळी उठल्यावर बोटं वळेनात, तरी घरातली जाणती बाई गुडघ्याकडे बघायच्या आधी विचारायची, ‘पोट साफ होतंय ना?’ आणि सुंठीचा काढा चुलीवर चढायचा. त्या काढ्यात दोन चमचे एरंडेल. दुखणं गुडघ्यात आणि औषध पोटात, यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

हे तेल घरीच निघायचं. एरंडाच्या बिया मंद आचेवर भाजायच्या, उखळात कुटून त्यांचा लगदा करायचा आणि तो भरपूर पाण्यात टाकून उकळत ठेवायचा. बऱ्याच वेळाने वर तवंग धरतो. तो करवंटीने अलगद काढून घ्यायचा, दुसऱ्या भांड्यात पुन्हा तापवायचा आणि तडतड थांबली की पाणी उडालं असं समजायचं. घाण्यावरच्या तेलापेक्षा हे काळपट आणि वासाला उग्र. एरंडाच्या बीत रायसिन नावाचं जबर विष असतं. ते तेलात उतरत नाही, चोथ्यात राहतं, आणि एवढ्या उकळीनंतर त्याची ताकदही मोडते. रायसिनचं नाव न ऐकलेल्या बायकांनी ही कृती पिढ्यानपिढ्या बिनचूक चालवली. चोथा गुरांपुढे टाकायचा नाही, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

पोटाचा आणि सांध्यांचा हा संबंध काही कोकणात जन्मला नाही. साधारण सातव्या-आठव्या शतकात माधवकराने ‘माधवनिदान’ रचलं. आधीच्या संहितांमध्ये सुटे सुटे विखुरलेले धागे त्याने एकत्र आणले आणि ‘आमवात’ हा स्वतंत्र रोग म्हणून मांडला. मांडणी अशी: अग्नी मंद झाला की अन्न नीट पचत नाही, त्या कच्च्या रसाचा आम होतो आणि वायू त्याला सांध्यांपर्यंत ओढत नेतो. मग अंग मोडून येतं, तोंडाची चव जाते, ताप येतो, सांधे सुजतात आणि विंचवांनी नांग्या माराव्यात तशा वेदना होतात. पुढे अकराव्या शतकात चक्रपाणिदत्ताने उपचारांचा क्रम लावून दिला. त्यात आधी लंघन, मग शेक, कडू-तिखट दीपन औषधं, रेचक आणि बस्ती. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने तर आमवाताला शरीराच्या रानात फिरणारा हत्ती ठरवून एरंडेलाला त्याचा सिंह करून टाकलं. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने असले ग्रंथ छापील रूपात वैद्यांच्या हाती दिले. शंकर दाजी शास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ मराठी घरांत पोचला, तेव्हा आजीबाईच्या बटव्याला पोथीचा दाखलाही मिळाला. याच पदेशास्त्र्यांनी १९०७ साली नाशकात आयुर्वेद महासंमेलनाची सुरुवात केली.

आमवात म्हणजे आजचा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असं समीकरण मांडायची हौस अनेकांना असते. ते जरा घाईचं होतं. माधवकराच्या वर्णनात आजचे चार-पाच वेगवेगळे आजार बसू शकतील. पण एक निरीक्षण त्याचं पक्कं आहे: काही माणसांत आधी पोट बिघडतं आणि मग एकामागून एक सांधे धरतात. हे का होतं ते सांगायला पाश्चात्त्य वैद्यकालाही बाराशे वर्षं लागली, आणि त्या वाटेवर त्याने वैद्यांपेक्षा मोठमोठे घोळ घातले.

सुरुवात मुंबईपासूनच करता येते. १८५८ साली हेन्स नावाच्या रसायनतज्ज्ञाने मुंबईत कुड्याच्या सालीतून एक अल्कलॉइड वेगळं काढलं. पुढे त्याला कोनेसीन म्हणू लागले. हगवणीवर चालणाऱ्या सालीत नेमकं काय आहे याचा तो पहिला धागा. पण हगवण नेमकी कशाने होते, हेच तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. ते कळायला १८९८ उजाडावं लागलं. त्या वर्षी जपानच्या कियोशी शिगाने आव-रक्ताच्या हगवणीचा जंतू जाहीर केला. आज आपण त्या घराण्याला शिगेला म्हणतो. अमीबाची हगवण वेगळी आणि जंतूंची वेगळी, हेही हळूहळू स्पष्ट झालं. आपल्या गोष्टीत तो फरक महत्त्वाचा, कारण सांधे धरतात ते बहुधा जंतूंच्या हगवणीनंतर.

याच काळात युरोपात मोठ्या आतड्याविषयी एक वेगळीच धास्ती पसरली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधला एली मेचनिकॉफ म्हणू लागला, की मोठ्या आतड्यात कुजणाऱ्या मळातलं विष अंगात भिनतं आणि माणूस म्हातारा होतो. त्यावर त्याचा उतारा होता आंबवलेलं दूध. रोज जेवणानंतर ताक पिणाऱ्या मुलखाला हे सांगायला पॅरिसहून कोणी यायची गरज नव्हती. आला तो त्याचा शिष्य, पण दुसऱ्याच कामाला. ओदेसात मेचनिकॉफच्या हाताखाली शिकलेला वाल्देमार हाफकिन १८९६ साली प्लेगच्या साथीत मुंबईत उतरला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याने लस बनवली. परळची हाफकिन संस्था ती हीच परंपरा.

लंडनमध्ये मात्र सर आर्बथनॉट लेन ताकावर थांबला नाही. तो गाय्ज हॉस्पिटलचा नामांकित सर्जन, हात विलक्षण सफाईचा. मळ साचून राहणं हेच सगळ्या रोगांचं मूळ, सांधेदुखीचंसुद्धा, असं त्याच्या मनाने घेतलं आणि तो रोग्यांचं मोठं आतडंच कापून काढू लागला. काही रोगी दगावले. १९१३ साली रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या विषयावर लांबलचक वादविवाद झाला आणि त्यानंतर लेनच्या मताचा दबदबा ओसरला. तिकडे शिकागोत फ्रँक बिलिंग्ज आणि त्याच्या पंथातले डॉक्टर अंगात कुठेतरी दडलेला जंतूंचा अड्डा शोधत सुटले. सांधे दुखतात म्हणून हजारोंचे दात उपटले गेले, टॉन्सिल काढले गेले. एरंडेलाने फार तर एक दिवस शौचकूप धरायला लागायचा. या मंडळींच्या उपचारात गेलेला अवयव परत येत नव्हता.

मग १९१६ चा डिसेंबर आला. रत्नागिरीत त्या महिन्यात तीस वर्षं नजरकैदेत काढलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाने देह ठेवला. युरोपात त्याच महिन्यात, पहिल्या महायुद्धाच्या दोन विरुद्ध बाजूंनी, दोन टिपणं छापली गेली. फ्रान्सच्या फिएसिंजे आणि लरुआ यांनी हगवणीनंतर डोळे लाल झालेले, लघवीला जळजळणारे आणि सांधे सुजलेले चार सैनिक नोंदवले. जर्मनीच्या हान्स रायटरने बाल्कन आघाडीवरच्या एका लेफ्टनंटची तशीच हकीकत लिहिली. रायटरने कारण साफ चुकीचं दिलं. उपदंशाच्या जंतूच्या जातकुळीतला जंतू असावा, असं त्याला वाटलं. पण आजाराला नाव चिकटलं ते त्याचंच.

कोकणच्या माणसाला त्या वर्षीची हगवण चांगलीच परिचयाची. रत्नागिरी जिल्हा म्हणजे मुंबई लष्कराचा जुना भरतीचा मुलूख. पुणे डिव्हिजन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या, आणि डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत त्या मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. नदीचं गढूळ पाणी, अर्धपोटी शिधा, स्कर्व्ही आणि हगवण. उपासमारीने शरणागती पत्करावी लागली. जिथे माणूस उद्या जिवंत दिसेल की नाही याची शाश्वती नव्हती, तिथे कोणाचे गुडघे महिन्याभराने सुजले याचा हिशेब ठेवायला उसंत कोणाला असणार?

तो हिशेब ठेवला गेला पुढच्या युद्धात, फिनलंडमध्ये. १९४४ च्या साथीत तिथे सुमारे दीड लाख लोकांना शिगेलाची हगवण झाली. पारोनेन या डॉक्टरने त्यातले सांधे धरलेले ३४४ रोगी एक-एक करून नोंदले आणि १९४८ साली ते प्रसिद्ध केलं. म्हणजे प्रमाण दर हजारी दोन-तीन. मग बाकीच्यांचे सांधे का धरले नाहीत? या प्रश्नाचं उत्तर एका जहाजाने अर्धंमुर्धं दिलं. अमेरिकन नौदलाच्या एका क्रूझरवर १९६२ साली खाण्यातून हगवणीची साथ आली. १२७६ पैकी ६०२ खलाशी आजारी पडले आणि त्यातल्या ९ जणांचे सांधे धरले. पुढे १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांनी एचएलए-बी२७ या आनुवंशिक खुणेचं आणि पाठीचा कणा आखडण्याच्या आजाराचं नातं दाखवलं. तेव्हा त्या जुन्या खलाशांची आठवण झाली. पाच जण सापडले आणि त्यातल्या चौघांत ही खूण निघाली. जंतू सगळ्यांच्या पोटात गेला होता. सांधे धरले ते मुख्यतः ज्यांच्या रक्तात ही खूण होती त्यांचे.

दरम्यान रायटरच्या नावाचं काय झालं, तेही सांगायला हवं. हा गृहस्थ पुढे हिटलरच्या राजवटीत आरोग्य खात्याच्या शिखरावर गेला आणि बुखेनवाल्डच्या छळछावणीत कैद्यांवर झालेल्या टायफसच्या प्रयोगांत त्याचा हात होता. ते उघड झाल्यावर १९७७ पासून काही डॉक्टरांनी हे नाव टाकून देण्याची मोहीम उघडली. त्यांच्यात एफ्रेम एंगलमनही होता, ज्याने १९४२ साली हे नाव रूढ करण्याला हातभार लावला होता. आता ‘रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस’ म्हणतात. फिनलंडमधल्याच डॉक्टरांनी १९६९ साली दिलेलं हे नाव. सांध्यात जिवंत जंतू नाही, पण पोटातल्या जंतूवर शरीराने उठवलेली फौज सांध्यातही जाऊन धुमाकूळ घालते, अशी ती कल्पना. १९८९ साली तुर्कू शहरातल्या ग्रानफोर्स आणि तिच्या सहकाऱ्यांना अशा रोग्यांच्या सांध्यातल्या पेशींत आतड्याच्या जंतूचे मेलेले अवशेष सापडले. पोटातून काहीतरी निघतं आणि सांध्यात जाऊन बसतं, हे माधवकराचं म्हणणं अक्षरशः नव्हे, पण बरंचसं जवळ आलं.

या सगळ्या इतिहासात सर्वांत रंजक वळण घेतलं ते एका गोळीने. स्टॉकहोमची नाना स्वार्ट्झ ही पोटाच्या आजारांची तज्ज्ञ आणि स्वीडनच्या सरकारी विद्यापीठात प्राध्यापक झालेली पहिली स्त्री. सांध्यांचा दाह जंतूंमुळे होतो अशी तिची धारणा होती. म्हणून एका औषध कंपनीच्या मदतीने तिने जंतू मारणारं सल्फा आणि दाह शमवणारं सॅलिसिलेट यांची रासायनिक मोट बांधली. हेच सल्फासॅलाझिन. सांध्यांच्या रोग्यांना ते दिलं आणि आतड्याला फोड येऊन रक्त पडणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रोग्यांनाही दिलं. कोलायटिसवर त्याचा गुण छान दिसला. सांध्यांवर ते चालत नाही, असा निर्वाळा १९४० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या एका चाचणीने दिला, आणि सांधेतज्ज्ञांनी ते कपाटात टाकून दिलं. आतड्याचे डॉक्टर ते वापरत राहिले. तीसेक वर्षांनी बर्मिंगहॅमच्या मकाँकीने ते पुन्हा बाहेर काढून सांध्यांसाठी वापरलं तेव्हा ते चाललं! मधल्या काळात, १९७२ मध्ये, हेही कळलं होतं की ही मोट सोडवतात ते मोठ्या आतड्यातले जंतूच. ते नसतील तर औषध जवळपास जसंच्या तसं निघून जातं. सांध्यांसाठी बनवलेली गोळी, ती उघडायची ती आतड्यातल्या जंतूंनी, आणि आधी नाव झालं ते आतड्याच्या आजारात. आज तीच गोळी दोन्ही दुखण्यांवर लिहून दिली जाते.

इथे एक इशारा मात्र दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आतापर्यंतचं सगळं झालं जंतू सांध्यात नसताना होणाऱ्या दुखण्याचं. कधी कधी जंतू आतड्यातून रक्तात आणि रक्तातून थेट सांध्यात उतरतो. एकच गुडघा लाल, तापलेला, हात लावू देत नाही, सोबत थंडी वाजून ताप. आत पू होत असतो आणि काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो. अशा गुडघ्याला बिब्ब्याचा चटका, निर्गुडीचा शेक किंवा एरंडेल यांत घालवलेला प्रत्येक दिवस महागात पडतो. सुई घालून पाणी काढायचं, तपासायला पाठवायचं आणि शिरेतून प्रतिजैविक सुरू करायचं, याला पर्याय नाही. एरंडेलाबद्दल कितीही जिव्हाळा असला तरी आणखी एक गोष्ट खरी: ज्याचं आतडं क्रोन किंवा कोलायटिस अशा दाहाच्या आजाराने आधीच सोललेलं आहे, त्याचे सांधे दुखतात म्हणून त्याला जुलाब देणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. २०१२ साली जर्मनीत दाखवलं गेलं की एरंडेलातलं रिसिनोलिक आम्ल आतड्याच्या स्नायूंवरच्या एका विशिष्ट ग्राहकाला कळ लावून त्यांचं आकुंचन घडवतं. बिचारा ‘सिंह’ कुठे चावतो ते आता नेमकं माहीत आहे, आणि ती जागा सांध्यात नाही.

जंतू आतड्यातून सांध्या-हाडांत उतरण्याचं महाराष्ट्रातलं उदाहरण किनाऱ्यावर नाही, पार दुसऱ्या टोकाला आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा आजार घराघरांत आहे. भारतात तो पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ साली निलगिरीत. विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या रक्तपेशी आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, तिथलं अस्तर जागोजागी मरतं आणि टायफॉइडच्या घराण्यातल्या साल्मोनेलाला वाट मिळते. जंतू गाळणारी प्लीहा या रोग्यांत लहानपणीच निकामी होते. हाडातही रक्ताविना मेलेले तुकडे असतात. जंतूला तिथे आयतं बिऱ्हाड मिळतं. अशा मुलाचं हाड किंवा सांधा दुखतो तेव्हा ते नेहमीचं सिकलसेलचं दुखणं की जंतूचं, हे ओळखणं तज्ज्ञालाही अवघड जातं. दुसरं उदाहरण वयस्कांचं. स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस नावाचा आतड्यातला जंतू रक्तात किंवा सांध्यात सापडला, तर १९७७ पासून डॉक्टर रोग्याच्या मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करायला सांगतात. कारण त्या जंतूला बाहेर पडायला जागा करून देणारी गाठ तिथे असू शकते, कधी कर्करोगाचीही.

आणि आपल्याकडचा आणखी एक गुंता म्हणजे क्षय. आतड्याचा क्षय आणि क्रोन दुर्बिणीतून इतके सारखे दिसतात की चांगले चांगले डॉक्टर चकतात. क्षयरोग्याचे सांधेही जंतू सांध्यात न जाता सुजू शकतात, हे फ्रान्सच्या पाँसेने १८९७ मध्ये सांगितलं होतं. सांधेदुखी, बारीक ताप आणि पोटाची तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला युरोपातला डॉक्टर क्रोनचे उपचार लगेच सुरू करील. इथे ते करून बसलं आणि आत क्षय निघाला, तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्याच्या पथ्यावरच पडतात.

महाराष्ट्रातल्या खेड्यात सांधे कोणाकोणाचे दुखतात, याची नीट मोजदाद १९९६ मध्ये भिगवणला सुरू झाली. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या या गावात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघर जाऊन चार हजारांहून जास्त प्रौढांची माहिती घेतली. दुखण्यांच्या यादीत सांधे आणि स्नायू फार वरच्या नंबरावर निघाले. त्यातला बराचसा भाग कष्टाच्या कामाचा आणि झिजेचा होता, एरंडेलाचा किंवा जंतूंचा नव्हता.

पोटातल्या जंतूंचा प्रश्न मात्र पुण्यातच वेगळ्या बाजूने पुन्हा उभा राहिला. २०१३ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांना नव्यानेच ऱ्हुमॅटॉइड झालेल्या, अजून औषध न घेतलेल्या रोग्यांच्या आतड्यात प्रिव्होटेला कोप्री हा जंतू फार मोठ्या संख्येने आढळला. आमवाताचा जंतू सापडला, असा गवगवा व्हायला वेळ लागला नाही. मग पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये निरोगी भारतीयांच्या आतड्याचा आढावा प्रसिद्ध केला, तर त्यात प्रिव्होटेला भरपूर. डाळ, भाकरी, पालेभाजी असं तंतुमय जेवणाऱ्यांच्या पोटात तो सुखाने नांदतो आणि बहुतेकांचे सांधे ठणठणीत असतात. २०१९ मध्ये इटलीतल्या त्रेंतोच्या गटाने जगभरचे नमुने चाळून दाखवलं, की प्रिव्होटेला कोप्री हा एक जंतू नव्हेच. ते चार वेगळ्या शाखांचं कुटुंब आहे आणि पाश्चात्त्य जेवणाच्या देशांत त्यातल्या काही शाखा जवळपास नाहीशा झाल्या आहेत. न्यूयॉर्कच्या रोग्यांत वाढलेली शाखा कोणती आणि भाकरी खाणाऱ्याच्या पोटातली कोणती, हे आता एकेका नमुन्याच्या जनुकांतून वेगळं काढलं जात आहे.